विठ्ठलाशी भांडलीस म्हणून पाप लागत नाही

पत्र असं आहे (ओळख पटेल असे तपशील काढले आहेत):

"काकू, मी परभणी जिल्ह्यातली. एका पतसंस्थेत कारकून आहे. लग्नानंतर पाच वर्षांनी दिवस राहिले. आठवा सरत आला असताना बाळाची हालचाल थांबली. सोनोग्राफीत ठोके नव्हते. कळा देऊन बाळंतपण केलं. मुलगी होती. 'बघितलं तर जास्त त्रास होईल' म्हणून मला तिचं तोंड दाखवलं नाही. हे आणि सासरे तिला पुरून आले. तिसऱ्या रात्री मला दूध आलं. तेव्हा मी देवघरातला विठ्ठल उचलून कपाटात कोंडला आणि त्याला नको नको ते बोलले. आमचं घर माळकरी आहे, सासरे दरवर्षी वारी करतात. आता तीन महिने झाले, मी दिवा लावलेला नाही. सासूबाई म्हणतात, ग्रहणात विळी हातात घेतलीस म्हणून झालं. चुलतसासूबाई एका महाराजांकडे घेऊन गेल्या. त्यांनी करणी झाली असं सांगितलं, गंडा बांधला, एकवीस हजार मागितले आणि डॉक्टरांनी झोपेसाठी व मनासाठी दिलेल्या गोळ्या बंद करायला लावल्या. ऑफिसातून फोन येतो की मूल नाही तर रजा कशाची. हे काहीच बोलत नाहीत. जाऊबाईंच्या बाळाचं बारसं आहे, तिथे मला बोलवायचं नाही असं ठरलंय. कधी कधी वाटतं, तिच्याकडेच निघून जावं. काकू, मी देवाला शिव्या दिल्या, मला पाप लागेल का? आणि देवाचं नाव घेऊन हे दुःख बरं होतं का, की ते नुसतं सांगायचं असतं?"

लेकी,

ज्या भीतीने तू झोपत नाहीस तिचं उत्तर आधी देते. पाप लागलेलं नाही. लागणारही नाही.

तुझ्याच जिल्ह्यात गंगाखेड आहे, जनाबाईचं गाव. लहानपणीच ती पंढरपूरला दामाशेटींच्या, म्हणजे संत नामदेवांच्या वडिलांच्या घरी आली आणि नामदेवांच्या घरची दासी म्हणून तिने जन्म काढला. तिच्या एका अभंगाची सुरुवातच 'अरे विठ्या विठ्या, मूळ मायेच्या कारट्या' अशी आहे. पुढच्या ओळी तर याहून जहाल आहेत. सासऱ्यांना विचार, त्यांना पाठ असेल. शेकडो वर्षं हा अभंग टाळांच्या गजरात म्हटला जातोय आणि कुठलाही वारकरी तो ऐकून कानांवर हात ठेवत नाही. तुकोबांचं बघ. 1630 च्या सुमारास जो भीषण दुष्काळ पडला त्यात त्यांची थोरली पत्नी अन्नावाचून गेली, मुलगा गेला. त्यांच्या गाथेत 'माझे लेखी देव मेला' असा अभंग आहे. ज्या घरात रोज 'ज्ञानबा तुकाराम' म्हटलं जातं, त्या घरात हेही शब्द आहेत. आणि गांधारी? शंभर मुलं गेल्यावर तिने प्रत्यक्ष कृष्णाला शाप दिला. कृष्णाने तिला पापिणी म्हटलं नाही. तो शाप त्याने मान्य केला.

तेव्हा तू जे केलंस ते आपल्या परंपरेच्या बाहेरचं नाही, अगदी आतलं आहे. ज्याच्यावरचा विश्वास पार संपला त्याला कोणी कपाटात कोंडायला जात नाही. त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही. तू अजून त्याला जाब विचारतेयस.

मूर्ती कपाटात आहे ना, राहू दे. तुला वाटेल तेव्हा काढ. सासूबाईंना पूजा करायची असेल तर त्या तसबिरीची करतील. काढशील तेव्हा नाक घासायची, माफी मागायची गरज नाही. पहिलं वाक्य तक्रारीचं असलं तरी चालेल. 'माझी मुलगी का नेलीस' हे रोज विचारलंस तरी तो जपच आहे, असं मी मनापासून मानते.

आता तुझ्या पत्रातल्या एका वाक्याकडे येते, जे तू घाईत लिहून पुढे गेलीस. 'तिच्याकडेच निघून जावं.' हा नुसता विचार येतो, की कसं जायचं हेही मनात येतं? विहीर, गोळ्या, औषधाची बाटली असं काही डोळ्यांपुढे येत असेल तर आज, आत्ता, हे पत्र अर्धं ठेवून नवऱ्याला सांग आणि आजची रात्र एकटी झोपू नकोस. घरात फवारणीचं औषध असेल तर ते त्यांना हलवायला लाव. 14416 हा टेली मानसचा नंबर आहे. सरकारी आहे, फुकट आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीत बोलता येतं. नाव सांगायची सक्ती नाही. मी तुला रडू नकोस म्हणणार नाही, पण हे एकटीने पेलू नकोस. आणि हा विचार आला म्हणजे तू वाईट आई किंवा कमकुवत बाई आहेस असंही नाही. बाळंतपणानंतर मन असं खोल जाणं हा आजार आहे, आणि मांडीवर बाळ नसलं तरी तो होतोच. उलट तुझ्यासारखीला तो जास्त गाठतो. आणि शरीराला बाळ गेल्याचं कळतच नाही. वार पडली की शरीरातली संप्रेरकं झपाट्याने उतरतात आणि दूध येतं. बाळ जिवंत असो वा नसो, ते येणारच असतं. त्या तिसऱ्या रात्रीबद्दल तुला कोणीतरी आधी सांगायला हवं होतं. दवाखान्यात सांगायला हवं होतं, घरातल्या बायकांनी सांगायला हवं होतं. तुला कोणी सांगितलं नाही याचा मला राग येतो.

म्हणून गोळ्यांचं आधी. ज्या डॉक्टरांनी दिल्या त्यांच्याकडे या आठवड्यात जा आणि 'मी मध्येच बंद केल्या' हे स्पष्ट सांग. आपल्या मनाने पुन्हा सुरूही करू नकोस, किती आणि कशा घ्यायच्या ते त्यांना ठरवू दे. तिकडे जायला जमत नसेल तर जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराचे डॉक्टर असतात, केसपेपर काढून भेटता येतं. गळ्यात तुळशीची माळ असलेल्या माणसाने मनाची गोळी घ्यायची नाही असं कुठल्याही संताने सांगितलेलं नाही. सासऱ्यांना वारीत ताप आला तर ते पालखीबरोबरच्या दवाखान्यात जातातच की.

आता विळी. मी पूर्ण जबाबदारीने लिहिते: विळीने, सुईने, ग्रहणात बाहेर पडल्याने, दोरीवर कपडे वाळत घालताना हात वर केल्याने पोटातलं बाळ जात नाही. आठव्या महिन्यात बाळ जातं ते आईचा रक्तदाब वाढल्याने, साखर वाढल्याने, वार आतल्या आत सुटल्याने किंवा नीट काम न केल्याने, नाळेच्या अडचणीने, जंतुसंसर्गाने, बाळात जन्मतः असलेल्या दोषाने. आणि पुष्कळदा सगळ्या तपासण्या करूनही कारण सापडत नाही. हे शेवटचं पचवायला सगळ्यात अवघड असतं, मला माहीत आहे. कारण नाही म्हटलं की मन स्वतःलाच कारण ठरवतं. तू तसं करू नकोस. दवाखान्यातून डिस्चार्ज कार्ड आणि सोनोग्राफीचे रिपोर्ट घेऊन ठेव. पुढे कधी दिवस राहू द्यायचे ठरवलंस तर त्याआधी स्त्रीरोगतज्ज्ञाला ते दाखव आणि रक्तदाब, साखर, थायरॉईड, रक्त गोठण्याचा दोष या तपासण्या माझ्या करायच्या का, असं विचार. लगेच दुसरं होऊ द्या म्हणणाऱ्यांचं ऐकू नकोस. घाई कोणाला आहे ते बघ. तुझ्या शरीराला नाही.

'पूर्वजन्मीचं पाप' हे तुझ्या पत्रात नाही, पण कोणीतरी म्हटलं असेलच, किंवा म्हणेल. तुझा पूर्वजन्म त्यांनी पाहिलेला नाही. दुःखी माणसापुढे कर्माचा हिशेब मांडणं ही भक्ती नव्हे, ते निष्ठुरपण आहे.

तू विचारलंस, नाम घेऊन दुःख बरं होतं का. माझं उत्तर असं आहे की होतं, पण लोक समजतात तसं नाही. नाम घेतलं की विसर पडतो, असं तुला कोणी सांगितलं असेल तर ते चूक आहे. तुला विसरायचंच नाहीये, आणि विसरू पण नकोस. श्रद्धा करते ते वेगळं काम. जे एकटीने धरवत नाही ते धरायला ती जागा देते आणि दिवस ठरवून देते. आपल्याकडे माणूस गेलं की दहावा आहे, तेरावा आहे, वर्षश्राद्ध आहे. लोक येतात, बसतात, रडणाऱ्याला रडू देतात. पण इतकं तान्हं बाळ गेलं तर ते पुरतात, दहावा नाही, पिंड नाही, कोणी भेटायला येत नाही. त्यामागचा विचार असा की त्या निष्पाप जिवाला कुठल्या विधीची गरज नाही. बाळाला नसेलही. आईला असते. तुझ्या दुःखाला एकही दिवस मिळाला नाही, आणि मला वाटतं, तुझी अर्धी घुसमट तिथे आहे.

म्हणून तो दिवस तू स्वतः ठरव. नवऱ्याला विचार, कुठे पुरलं. एकदा तिथे जा, दोघं जा. बाई माणूस तिकडे जात नाही असं घरात म्हणतील. तू आई आहेस, तुला कोणी अडवू शकत नाही. तिला नाव ठेवायचं मनात असेल तर ठेव. पोटात असताना कुठल्या नावाने हाक मारायचीस? तेच ठेव, दुसऱ्या कोणाला सांगायची गरज नाही. तिच्या नावाने गावातल्या भजनी मंडळाला एका एकादशीला घरी बोलावता येईल. सासऱ्यांना हे सांग. माळकरी माणूस आहे, भजनाला नाही म्हणणार नाहीत. 'माझ्या मुलीसाठी भजन ठेवा' एवढंच म्हण. मला अशी आशा आहे की त्या रात्री तुझे सासरेही रडतील. आपल्या हातांनी नातीला पुरून आलेला माणूस आहे तो, आणि त्यालाही दहावा मिळालेला नाही.

आणि बोलत राहा. आपल्या आज्या-पणज्या पहाटे जात्यावर बसून सासरचा जाच, गेलेलं लेकरू, न भेटलेला भाऊ सगळं ओवीत घालून जात्याला सांगायच्या. जातं ऐकणारं होतं, मध्ये बोलणारं नव्हतं. महाराष्ट्रात अशा लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या आहेत. त्यांतल्या कितीतरी ओव्यांत बाई थेट देवाशी बोलते. आता घरात जातं नाही, पण वही आहे. पहाटे तीनला जाग येते ना, तेव्हा मोबाईल बाजूला ठेव आणि विठ्ठलाला उद्देशून लिही. शिव्या आल्या तर शिव्या लिही. शब्द येत नसतील तर श्वासाबरोबर नुसतं नाव घे, श्वास आत जाताना एकदा, बाहेर येताना एकदा. छाती दडपते तेव्हा त्याने थोडं सैल वाटतं. पण याला उपचार समजून डॉक्टर टाळू नकोस. दोन्ही चालू ठेव.

महाराजांना पैसे द्यायचे नाहीत. एक रुपयाही नाही. दिले असतील तर आणखी नाही. गंडा तुला नको वाटत असेल तर सोडून टाक, काही होणार नाही. ज्याने तुझ्या गोळ्या बंद केल्या त्याने तुझ्या जिवाशी खेळ केलाय, हे चुलतसासूबाईंना शांतपणे पण ठामपणे सांग. आपल्या राज्यात 2013 साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी त्यासाठी वर्षानुवर्षं झगडा दिला, आणि त्यांचा खून झाल्यानंतर तो आला. आपल्या अंगी अलौकिक शक्ती आहे असं भासवून लोकांना फसवणं, दहशत घालणं हा त्यात गुन्हा आहे, सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तू पोलिसात जावंस असा माझा आग्रह नाही, सध्या तुझ्यात तेवढी ताकद नसेल. पण पुन्हा कोणी न्यायला आलं तर या कायद्याचं नाव घे. लोक लगेच मागे सरतात. त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळी करायचं कोणी सुचवेल. तुझ्या मनाने, तुझ्या समाधानासाठी कधी करावंसं वाटलं तर तो तुझा प्रश्न. भीतीपोटी आणि कर्ज काढून मुळीच करू नकोस.

चुलतसासूबाईंबद्दल मनात कडू धरू नकोस मात्र. आणि सासूबाईंना एक विचारून बघ. स्वयंपाकघरात दोघीच असाल तेव्हा विचार, 'तुमचं कधी असं झालं होतं का?' त्या पिढीतल्या फार बायकांची बाळं गेली आहेत आणि त्यावर कोणी कधी चकार शब्द काढलेला नाही. ग्रहण, विळी हे त्यांना त्यांच्या वेळी कोणीतरी सांगितलेलं असतं. कदाचित त्या काहीच सांगणार नाहीत. तरी विचार.

तुझा नवरा बोलत नाही, याचा अर्थ त्याला काही वाटत नाही असा धरू नकोस. त्याला प्रश्न विचारू नकोस, काम दे. डॉक्टरांकडे घेऊन चल, जागा दाखव, महाराजांचा फोन आला तर तुम्ही उचला. पुष्कळ पुरुषांना दुःख बोलता येत नाही, पण बरोबर चालता येतं.

बारशाचं. तुला बोलवायचं नाही असं ज्यांनी ठरवलं त्यांनी वाईट केलं, आणि तुझी सावली अशुभ आहे हा विचार तू क्षणभरही मनात घेऊ नकोस. पण आमंत्रण असतं तरी मी तुला या वेळी जा म्हटलं नसतं. पाळणा म्हणताना तू कशी उभी राहशील? जाऊबाईंशी तुझं बरं असेल तर बारशानंतर कधीतरी एकटीच जा, बाळाला बघ, जमलं तर घे, नाही जमलं तर नको घेऊ, रडू आलं तर रड. त्याही बाळंतीण आहेत, त्यांना कळेल.

राहिलं ऑफिस, आणि इथे मात्र तू अजिबात दबू नकोस. मातृत्व लाभाच्या कायद्यात मूल या शब्दात मृत जन्मलेलं मूलही धरलेलं आहे. म्हणजे तुझं बाळंतपण हे कायद्याने पूर्ण बाळंतपण आहे. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेत, बाळंतपणाआधीच्या बारा महिन्यांत 80 दिवस काम केलेल्या बाईला 26 आठवड्यांची पगारी रजा मिळते, आणि पहिलं मूल मृत जन्मलं म्हणून त्यातला एक दिवसही कापता येत नाही. या रजेत कामावरून काढताही येत नाही. तोंडी बोलू नकोस. अर्ज कर, सोबत डिस्चार्ज कार्डाची प्रत जोड आणि एका प्रतीवर पोच घे. त्यांनी घेतला नाही तर रजिस्टर पोस्टाने पाठव. तरी अडवलं तर जिल्ह्याच्या सरकारी कामगार अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते, त्याला वकील लागत नाही. अर्ज कच्चा लिहून माझ्याकडे पाठव, मी तपासून देते. आणि डॉक्टरांकडे जाऊन आलीस की त्याच पाकिटात दोन ओळी तुझ्या तब्येतीच्याही टाक.

तुझी काकू